दोन इवायांची कवायत

माझा उजवा हात पहिल्यांदा कापायला लागला, तेव्हा आमच्या पिंपळगाव राजा या गावाने डॉक्टरांच्या आधी निदान करून टाकलं. मास्तर पेऊन राह्यले. जन्मात कधी सुपारी न चघळलेला विज्ञानाचा मास्तर निवृत्त झाल्या झाल्या बाटलीला लागला, हे लोकांना इतकं पटलं की मला विचारायची तसदीही कुणी घेतली नाही. हॉटेलात मी चहाचा कप उचलला की समोरचा माणूस हाताकडे बघायचा नाही, डोळ्यांत बघायचा, लाली शोधत. माझाच एक जुना विद्यार्थी आता खताचं दुकान चालवतो. तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला की सर, संध्याकाळची जरा कमी करा. शाळेत असताना तो मज्जासंस्थेची आकृती फळ्यावर फार सुरेख काढायचा. मेंदू कुठे असतो हे त्याला चांगलं माहीत होतं. तो वापरायचाही असतो, हे बहुधा अभ्यासक्रमात नव्हतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला, म्हणजे कंपवात. हात कापणं हा त्यातला नुसता दिसणारा भाग. अंग आखडतं, हालचाल मंदावते, पावलं लहान लहान होत जातात, आवाज घशातच बसून राहतो आणि चेहरा असा होतो की बारशाचे पेढे वाटतानाही माणूस सुतकात बसल्यासारखा दिसतो. गोळ्यांनी पुष्कळ भागतं, पण आजार जात नाही. हे सगळं मी गावात चारचौघांना नीट समजावून सांगितलं आणि फसलो. दारुडा होतो तोवर लोक निदान माझ्या पाठीमागे बोलत होते. आजारी झाल्यावर सगळे समोर येऊन वैद्य झाले. कुणी लसणाचं दूध सांगितलं, कुणी मंतरलेला दोरा आणून दिला. एकजण मला मोबाईलवर रोज एक व्हिडिओ पाठवायचा. त्यात एक म्हातारा थरथरत यायचा, हिरवा रस प्यायचा आणि लगेच नाचायला लागायचा. मी त्याला विचारलं, की नाच तर त्या म्हाताऱ्याला आधीपासून येत असेल, रसाने काय केलं? त्याने व्हिडिओ पाठवणं बंद केलं. तेवढा एक आजार बरा झाला.

व्यायामाविषयी माझं मत याहून वेगळं नव्हतं. आम्ही शेतकरी घरातले. व्यायाम हा शब्द आमच्याकडे ज्याला काम नाही त्याच्यासाठी वापरला जायचा. सकाळी शाळेच्या मैदानावर गोल गोल फिरणारी, मग घोळका करून हात वर नेऊन खोटं खोटं हसणारी माणसं मी वर्षानुवर्षं बघितली होती. त्यांच्यातला एकही मला कधी त्या मैदानाबाहेर हसताना दिसला नाही. त्यामुळे डॉक्टरांनी गोळ्यांच्या चिठ्ठीखाली व्यायाम असं लिहिलं आणि खामगावच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं, तेव्हा मी बायकोच्या धाकाने गेलो, एवढंच.

बाई माझ्या शेवटच्या बॅचमधल्या मुलींपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी मला खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं, पुन्हा बसायला लावलं, परत उठायला लावलं. दोन्ही हात पसरून लांब लांब टांगा टाकायला लावल्या. भिंतीकडे तोंड करून जोरात 'आऽऽ' म्हणायला लावलं. बाहेर बसलेल्या पेशंटांनी दारातून डोकावून बघितलं. बाई म्हणाल्या, "सर, तुम्हाला जे वाजवी वाटतंय ते खरं तर फार लहान आहे. तुम्हाला अतिरेक वाटेल एवढं मोठं करा, म्हणजे ते लोकांना वाजवी दिसेल." मेंदूचं माप बिघडलंय, ते अंगाने दुरुस्त करायचं, असा त्यांचा मुद्दा. व्यायामाने आजार जाईल असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. चालतं-बोलतं राहायचं असेल तर करा, म्हणाल्या. त्या वाक्यासाठी मी पुन्हा गेलो. माझ्याशी खोटं न बोलणारं इतक्या महिन्यांत दुसरं कुणी भेटलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी शर्टाची बटणं लावून झाल्यावर लक्षात आलं की त्यासाठी रोजच्यासारखी बायकोला हाक मारलीच नव्हती. व्यायामाची थट्टा मी त्यानंतरही करत राहिलो, पण करायचो व्यायाम करता करता.

आता इवायांविषयी सांगतो. आमच्या वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात. माझी एकुलती एक मुलगी मोताळ्याला दिली आहे. तिचे सासरे, म्हणजे माझे इवाई, मोठे शेतकरी. कपाशी, सोयाबीन, घरासमोर ट्रॅक्टर, आणि आवाज असा की एका वावरातून हाक मारली तर तिसऱ्या वावरातला गडी उभा राहायचा. मुलीच्या लग्नात भरल्या पंगतीत त्यांनी वाटी उचलून मला विचारलं होतं, "मास्तर, हे वरण हाय का नदीचं गढूय पाणी?" पंगत हसली. मी मुलीचा बाप, म्हणून मीही हसलो. तेव्हापासून आमचे संबंध अतिशय गोड होते, म्हणजे सणाला एकमेकांना आग्रह करायचा, भरपूर मान द्यायचा आणि मनात जे असेल ते मनातच ठेवायचं.

माझा आजार कळल्यावर ते भेटायला आले होते. खाटेवर ऐसपैस बसून म्हणाले, "बसून पगार खाल्ला का आंग असंच आखडते, मास्तर. माह्यासंगं वावरात चाला. हात आपोआप गप होते." माझ्या बायकोने त्यांना आणखी एक करंजी वाढली. मी वाढली नसती.

पुढच्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते मुलीला माहेरी सोडायला आले. फाटकातून अंगण ओलांडून येताना मी त्यांना बघितलं आणि बघतच राहिलो. त्यांचा डावा हात हलत नव्हता. उजवा चालीबरोबर पुढे-मागे जात होता, डावा खुंटीला टांगलेल्या पिशवीसारखा लोंबत होता. पाऊल उचलत नव्हतं, घासत होतं. बसल्यावर ते काहीतरी बोलले ते माझ्या बायकोला ऐकूच गेलं नाही, तिला परत विचारावं लागलं. ज्या माणसाची कुजबूज बाजारात ऐकू जायची, त्याला ती विचारत होती, काय म्हणता इवाई?

मी स्वयंपाकघरात जाऊन मुलीला सांगितलं की तुझ्या सासऱ्यांना अकोल्याला दाखवून आण, बहुतेक माझंच दुखणं आहे. ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "बाबा, हासू नका." मी म्हटलं मी हसत नाहीये, या आजारात चेहऱ्यावर हसू उमटतच नाही. जे खरं होतं. चेहऱ्याच्या आत काय चाललं होतं ते तिने विचारलं नाही.

अकोल्याला तेच निघालं. माझा आजार बसून पगार खाल्ल्याने झाला होता, त्यांचा कशाने झाला हे विचारायला मी मोताळ्याला जाणार होतो. बायकोने जाऊ दिलं नाही. आणि गरजही उरली नाही, कारण इवायांनी स्वतःच घर सोडणं बंद केलं. मोताळ्याचा आठवडी बाजार त्यांनी उभ्या आयुष्यात चुकवला नव्हता, तो बंद झाला. पारावर जाणं बंद. मुलगी फोनवर सांगायची की मामाजी, म्हणजे तिचे सासरे, दिवसभर मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडतात, गोळ्या घेतात पण व्यायामाला हात लावत नाहीत. खामगावच्या बाईंकडे एकदा नेलं, तर कमरेला धरून उठवायला पोरगी आली म्हणून तिथून उठून आले. नात्यात एक नवा शोध लागला होता तो वेगळाच. मास्तरच्या पोरीने माहेराहून रोग आणला. जंतू नाही, संसर्ग नाही, सुनेच्या पदराला बांधून आलेला कंपवात! आणि हा शोध लावणाऱ्या बाईचा मुलगा मेडिकलचं दुकान चालवतो.

त्या बोलण्याने मी गेलो. इवायांसाठी नाही, मुलीसाठी. रोज सकाळच्या एसटीने मोताळ्याला जायचं आणि दुपारी परत यायचं, असं ठरवलं. मुलीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज मी विज्ञानाचा मास्तर असूनही पाळतो. माझी विहीण, म्हणजे इहीनबाई, मला बघून रडायला लागल्या. मी त्यांना विचारलं की खळं मोकळं आहे का.

घरामागे त्यांचं खळं, सारवून घट्ट केलेलं, मळणी झाल्यामुळे रिकामं. मी पिशवीतून फक्की नेली होती. शाळेच्या मैदानावर खेळाच्या रेघा मारायला वापरतात तो पांढरा चुना. एकेक लांब टांग पडेल एवढ्या अंतरावर खळ्यात आडव्या रेघा मारल्या. या आजारात मोकळ्या जमिनीवर अडखळणारा पाय डोळ्यांना रेघ दिसली की मोठा पडतो, हे मला बाईंनी दाखवलं होतं. इवाई ओसरीवरून बघत होते. बारीक आवाजात म्हणाले, "हे काय मास्तर, लंगडी खेयाची हाय?"

मी फक्कीची पिशवी बाजूला ठेवली. रेघांवरून चालायला लागलो. हात लांब फेकत, टाच आधी टेकवत, एकेक रेघ ओलांडत पलीकडे गेलो, मोठा वळसा घालून वळलो आणि परत आलो. इवायांनी दोन फेऱ्या बघितल्या. माझी तिसरी चालू असताना ते ओसरीवरून उतरले. मला शिकवायला उतरले होते. एका पगारी मास्तरची टांग शेतकऱ्याच्या टांगेपेक्षा लांब पडते, हे त्यांना बघवलं नसावं. पहिल्या रेघेवर त्यांचं पाऊल घासलं, दुसरी त्यांनी ओलांडली, तिसरीला पाय चांगला उचलला. पलीकडे पोचल्यावर मागे वळून म्हणाले की यात काय एवढं?

कौतुकाने तो माणूस कधीच उठला नसता. त्याला ईर्षा लागते, आणि मलाही, हे तेव्हा कळलं. मग आमची तशीच कवायत सुरू झाली. चिंध्यांचा चेंडू करून एकमेकांना फेकायचा आणि झेलणाऱ्याने जोरात पिकाचं नाव घ्यायचं, म्हणजे हात, पाय आणि डोकं एकदम चालतं. खुर्चीतून उठताना जो हात टेकेल तो हरला. मी जिंकलो की ते म्हणायचे खुर्चीवर बसायची सवय कुणाला जास्त आहे ते दिसतंच. ते जिंकले की मी म्हणायचो की ताकद भरपूर आहे, प्रश्न दुसऱ्याच अवयवाचा आहे. मुलगी ओसरीवर भाजी निवडत बसायची, आणि आमच्यापैकी कुणी तोल गेल्यासारखा दिसला की आधी तिचा हात थांबायचा.

आवाजाचं मात्र जमत नव्हतं. बाईंनी रोज मोठ्याने वाचायला सांगितलं होतं. इवायांना पेपर दिला तर ते बाजारभाव वाचायचे आणि तेही पुटपुटत. 'आऽऽ' म्हणायला त्यांनी साफ नकार दिला, ढोर हंबरल्यासारखं वाटतं म्हणाले. एक दिवस चेंडू फेकता फेकता त्यांना मुलीच्या लग्नाची काहीतरी आठवण झाली आणि ते म्हणाले की मांडवात पंखे कमी होते. मी म्हटलं पंखे पुरेसे होते, माणसं तुम्ही ठरल्यापेक्षा जास्त आणली. ते म्हणाले माणसं त्यांच्या मानाप्रमाणेच आली होती. मी म्हटलं तुमच्या मानाला एका ट्रकमध्ये बसवून आणलं होतं, मी स्वतः बघितलं. मग जे वर्षानुवर्षं करंज्यांखाली दाबून ठेवलं होतं ते सगळं खळ्यात आलं. फेट्याचं कापड, न आवडलेला घोडा, आमच्याकडच्या एका मामाला न मिळालेला नारळ. आणि शेवटी वरण. मी म्हणालो की ते वरण नागपूरच्या आचाऱ्याने केलं होतं. ते म्हणाले, मग त्याले नागपूरले वापस पाठवाचं होतं.

मुलगी हातातली मेथी टाकून धावत आली. इहीनबाई आल्या. शेजारच्या घरातले दोघेजण भिंतीवरून डोकावले. मुलीला वाटलं आता हे एकमेकांच्या अंगावर जातात. मग ती मध्येच थांबली आणि तिने सासूकडे बघितलं. इहीनबाई म्हणाल्या, "आवाज आला वं त्याइचा."

खरंच आला होता. रस्त्यापर्यंत. तोवर आम्हालाही ते कळलं नव्हतं. त्यानंतर आम्ही रोज ठरवून भांडायचो. भांडायला विषय कमी पडला नाही. मी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या की घशावर ताण न देता भांडा.

थंडी संपताना जानेफळहून लग्नाची चिठ्ठी आली. इवायांची बहीण तिकडे दिलेली आहे, तिच्या मुलीचं लग्न. नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं काम मामाचं. इवायांनी धाकट्या भावाला पाठवायचं ठरवून टाकलं होतं. त्यांचं म्हणणं, चारशे माणसांसमोर पाय अडला तर बहिणीची शोभा होईल. मी म्हटलं की बरोबर आहे, नकाच जाऊ, शेतकऱ्याचं काम नाही ते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं चेंडू तोंडावर येतो. दुसऱ्या दिवसापासून ते सुनेचा हात धरून खळ्यात चालायला लागले. ती नवरीसारखी मान खाली घालून हळू चालायची, ते तिच्यासोबत. वळताना जागच्या जागी गिरकी घ्यायची नाही, वळसा घ्यायचा. महिनाभर माझी मुलगी रोज नवरी झाली.

जानेफळला आम्ही जीपने गेलो. मुहूर्त सकाळचा होता, आणि इवायांनी गोळीची वेळ त्या हिशोबाने धरली होती. पण आमच्याकडची लग्नं मुहूर्तावर लावणं म्हणजे जणू वराकडच्यांचा अपमान. डीजेच्या मागे नवरदेवाचे मित्र रस्त्याच्या मधोमध धूळ उडवत नाचत राहिले. पंचांग बघून, दक्षिणा देऊन काढलेला मुहूर्त गेला, त्याची कुणाला पर्वा नव्हती. वरात मांडवापर्यंत आली तोवर गोळीचा असर उतरणीला लागला होता. पुढची गोळी त्यांनी घेतली, पण तिला चढायला वेळ लागतो. तिला कुणी डीजे लावून घाईत आणू शकत नाही. मी इवायांच्या बहिणीच्या नवऱ्याला म्हटलं की थोडं थांबा. तो म्हणाला आधीच उशीर झाला, गुरुजी ओरडून राह्यले. इतका वेळ रस्त्यावर नाचणाऱ्यांना कुणी ओरडलं नव्हतं.

इवाई भाचीचा हात धरून निघाले. फेटा बांधलेला, चाल चांगली. मांडवाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी बायका दाटल्या होत्या, वाट अरुंद, आणि तिथून लाल गालिचा सुरू होत होता. नेमक्या त्या काठावर त्यांचे पाय थांबले. अंग पुढे गेलं, पाय जमिनीला चिकटलेले. टाचा वर होत होत्या आणि तिथल्या तिथे थरथरत होत्या. भाचीने एकदा त्यांच्याकडे बघितलं. बायकांत कुजबूज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, मामानं सकायीच घेतली वाटते. मला ते वाक्य पाठ होतं.

इवायांच्या त्याच मेहुण्याने पुढे होऊन त्यांचा दंड धरला आणि ओढायला लागला. ही सगळ्यात वाईट मदत. पाय अडलेल्या माणसाला ओढलं तर तो पडतोच. "वढू नका त्याइले," मी म्हणालो, आणि कितीतरी महिन्यांच्या भांडणांनी कमावलेला माझा आवाज मांडवभर गेला. डीजेवाल्यानेही मान वळवली. मी पुढे जाऊन इवायांच्या शेजारी उभा राहिलो आणि माझा उजवा पाय आडवा करून त्यांच्या पावलासमोर ठेवला.

म्हटलं, "वलांडा."

ते खाली बघत राहिले. कपाळावर घाम. माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "मानसाच्या पायावरून? ते बी मुलीच्या बापाच्या?"

"रेघ समजा, इवाई. पांढरी नाई, एवढंच."

त्यांनी पाय उचलला. माझ्या चपलेवरून, चांगला उंच. एकदा एक पाय सुटला की दुसरा येतो, तसा आला. मग ते भाचीला घेऊन गालिच्यावरून सरळ गेले, हात हलवत, टाच टेकवत, आणि पाटाशी मोठा वळसा घेऊन तिला उभी केली. मंगलाष्टकं सुरू झाली. मी मांडवाच्या खांबाला धरून अक्षता टाकल्या.

पंगतीत याच्या तीन कथा फिरत होत्या. मास्तरने इवायाला पाय घातला, ही एक. दोघेही घेऊन आले होते, ही दुसरी. तिसरी अशी की भाचीच्या मायेने मामाचं मन भरून आलं, म्हणून पाय उचलेना. ही तिसरी सगळ्यांना आवडली. बायकांनी डोळे पुसले. एका पाहुण्याने इवायांना येऊन सांगितलं की असा मामा आजकाल बघायला मिळत नाही. आणि इवायांनी काय करावं? मान डोलावली. म्हणाले, "लेकराले जड मनानंच पाठवा लागते."

परतीच्या जीपमध्ये मला राहवलं नाही. मी विचारलं, की खरं सांगायला काय झालं होतं? पार्किन्सन्स आहे, गोळी उतरली होती, पाय अडला, एवढंच सांगायचं. चार लोकांना माहिती झाली असती, उद्या दुसऱ्या कुणाला कुणी दारुडा म्हटलं नसतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लोकाइले तेच बरं वाटते, मास्तर. तुमचं कोन समजून घेईन?" मी मोताळ्यापर्यंत दुसऱ्या खिडकीबाहेर बघत बसलो. ते मात्र मध्ये मध्ये बोलत होते, त्यांच्या आवाजाला आता काही झालेलं नव्हतं.

मी काही आठवडे गेलो नाही. मुलगी मध्यस्थी करत राहिली, मग गेलो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत त्यांनीच कवायत सोडली. म्हणे आता कामच काम आहे, काम हाच व्यायाम. काम म्हणजे बांधावर खाट टाकून मजुरांवर ओरडणं. हार्वेस्टर चालत होता, मजूर चालत होते, ट्रॅक्टर चालत होता. न चालणारी वस्तू वावरात एकच होती. काढणी संपेपर्यंत त्यांचं अंग लाकूड झालं आणि अंगणात वळताना ते पडले. मनगट मोडलं. मी बघायला गेलो तेव्हा त्यांना माझ्याकडून काय ऐकायला मिळणार हे माहीत असल्यामुळे ते डोळे मिटून पडले होते. मी पिशवीतून फक्की काढली. खळ्यात जाऊन पावसाने पुसलेल्या रेघा पुन्हा मारल्या. प्लास्टर निघायच्या आतच, एक हात गळ्यात बांधून, ते त्यावरून चालायला लागले. इहीनबाई त्यांच्या बाजूला बाजूला.

आता माझी पाळी आहे. या वर्षी माझा आजार त्यांच्या पुढे गेला. एसटीची पायरी मला चढवत नाही, एकट्याने प्रवास करायला बायको सोडत नाही. त्यामुळे आता इवाई माझ्या जावयाच्या गाडीत बसून पिंपळगावला येतात. माझ्या घरी सुनेच्या माहेरचा मान घ्यायला नाही, माझ्या अंगणात मला पळवायला. मला ते नको असतं तेव्हाही येतात.

या थंडीत एका सकाळी मी उठलोच नाही. गोळी घेतली होती, पण रात्रभर कूस बदलता आली नव्हती आणि सगळ्याचाच वीट आला होता. एवढी कवायत करून शेवटी काय, तर जरा सावकाश वाईट व्हायचं. मी बायकोला म्हटलं की इवायांना सांग, आज नाही, आणि उद्याही नाही. इवाई आले, माझ्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसले. समजूत काढायला लागले असते तर मी भिंतीकडे वळलो असतो. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. बायकोने चहा दिला, आणि ते तिला सांगायला लागले की यंदा थंडी फार आहे. का आहे? "हिवायात सूर्य लांब जाते ना, इहीनबाई. म्हून थंडी पडते."

मी डोळे उघडले. म्हटलं, हिवाळ्यात पृथ्वी उलट सूर्याच्या जवळ असते.

इवाई म्हणाले, "मंग थंडी काऊन वाजते? जवय गेल्यावर गरम व्हाले पाह्यजे."

तीस वर्षं मी हा धडा शिकवला आणि तीस वर्षं मुलांनी हेच उत्तर लिहिलं. झोपून ते समजावता येत नाही. मी बायकोचा हात धरून उठलो, इवायांना अंगणात आणलं, मधोमध उभं केलं आणि म्हटलं की तुम्ही सूर्य, हलायचं नाही. मी पृथ्वी. पृथ्वीचा अक्ष कललेला असतो, तेवढा बाक मला आजाराने आधीच दिला आहे. मी त्यांच्याभोवती मोठा वळसा घेत चालायला लागलो, टाच आधी टेकवत, आणि प्रत्येक बाजूला थांबून मोठ्या आवाजात सांगत गेलो की आता उन्हाळा का, आता हिवाळा का, किरणं तिरपी कुठे पडतात. रस्त्याने जाणारी माणसं फाटकाशी उभी राहिली होती. खताचा दुकानवालाही होता. सगळं वर्ष फिरून मी पुन्हा त्यांच्यासमोर आलो आणि विचारलं, कळलं का?

इवायांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की त्यांना नाही पटत, पुन्हा एकदा फिरून दाखवा.